मात्रा तीच, घाव निराळा

एक सोपे गणित करून पाहा. संपूर्ण शरीराला गॅमा किरणांची ४ ग्रे मात्रा एकदम मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर अशा माणसांपैकी जवळजवळ निम्मी दगावतात. १ ग्रे म्हणजे दर किलोग्रॅमला १ ज्यूल ऊर्जा. शरीरात बहुतांशी पाणीच असते, आणि १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे ४२०० ज्यूल लागतात. मग ४ ज्यूलनी ते किती वाढेल? अंशाच्या हजाराव्या भागाइतके! तापमापीचा पारा हलणारही नाही. वर्गात हे गणित घातले की कोणीतरी हमखास आपले उत्तर चुकले असे समजून खोडून टाकतो. उत्तर बरोबर असते.

तेव्हा प्राण जातो तो उष्णतेने नव्हे. किरण पेशीतून जाताना वाटेतील अणूंमधले इलेक्ट्रॉन उखडले जातात आणि रेणूंचे बंध तुटतात. वर्मी घाव बसतो तो डीएनएवर. डीएनए हा दोन पदरी दोरासारखा रेणू आहे. एक पदर तुटला, तर दुसऱ्याच्या नमुन्यावरून पेशी तो सांधून घेते. १ ग्रे गॅमा किरणांनी एका पेशीत सुमारे एक हजार एकेरी तुटी होतात, दुहेरी मात्र ३०-४०च. पेशीला खरी भीती या दुहेरी तुटींचीच.

आता गॅमा किरणांच्या जागी कार्बनची किंवा लोखंडाची वेगाने धावणारी अणुकेंद्रे घ्या. हेच जड आयन. वाटेत सांडणारी ऊर्जा प्रभाराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. लोखंडाचा अणुक्रमांक २६. म्हणून त्याच वेगाच्या प्रोटॉनच्या मानाने त्याचे अणुकेंद्र दर मायक्रोमीटरला ६७६ पट ऊर्जा टाकते! तेवढेच पाणी भुरभुर पावसाने पडले तर पीक डोलते, गारा होऊन पडले तर आडवे होते. तसाच हा प्रकार. दर मायक्रोमीटरला सुमारे १०० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पडू लागली, की लागोपाठच्या दोन आयनीकरणांतील अंतर सरासरी २ नॅनोमीटर भरते. डीएनएची जाडीही तितकीच! एकाच फेरीत दोन्ही पदर तुटतात, आजूबाजूचे दुवेही निखळतात, आणि सांधायला नमुनाच उरत नाही. ऊर्जा याहून दाट झाली तर परिणाम वाढण्याऐवजी घटतो, कारण मेलेल्या पेशीला पुन्हा मारण्यात ती वाया जाते.

अशा आयनांचा आणखी एक गुण आहे. वेग मंदावेल तशी त्यांची ऊर्जा अधिकाधिक सांडते आणि थांबण्याच्या जरा आधी कमाल होते. विल्यम ब्रॅग यांनी १९०४ साली अल्फा कणांच्या बाबतीत हे दाखवले. कर्करोगाची गाठ खोलवर असेल, तर आयनांचा वेग असा ठरवता येतो की हे टोक नेमके गाठीत पडावे. गाठीच्या आत प्राणवायू कमी असतो आणि तेथे गॅमा किरण दुबळे ठरतात. जड आयनांचे तेथे फारसे अडत नाही. जपानमध्ये चिबा येथे १९९४ पासून कार्बन आयनांनी असे उपचार होत आहेत.

पण रुग्णाला तारणारा हाच गुण अंतराळवीराला नडतो. १९६९ साली अपोलो-११ च्या प्रवासात बझ ऑल्ड्रिन यांना अंधारात प्रकाशाचे क्षणिक ठिपके दिसले. पुढच्या मोहिमांतील प्रवाशांनी तर मिटल्या डोळ्यांनीही ते पाहिले. विश्वकिरणांतील जड आयन डोळ्यांतून आरपार जात होते! गाठीतली पेशी मेली तर आपण जिंकलो. निरोगी पेशी मात्र मरण्यापेक्षा तुटलेली टोके भलतीकडे जोडून जगली, तर अधिक वाईट; कर्करोगाचा आरंभ तेथून होऊ शकतो. चंद्राची वारी काही दिवसांची होती, मंगळाची दोन-तीन वर्षांची असेल.

यानाला शिशाचे जाड चिलखत घालावे, असे तुम्ही सुचवाल. पण जड आयन त्यावर आदळून फुटतात आणि तुकडे आत येतात, शिवाय शिशातूनही न्यूट्रॉन उडतात. त्यापेक्षा हायड्रोजन भरपूर असलेले पदार्थ बरे, म्हणजे पॉलिथिन किंवा चक्क प्रवाशांच्या पिण्याच्या पाण्याच्या टाक्या.