गगनबावड्याचा गारठा आणि थंड हवेची वाइन

गगनबावड्याला धुक्यात बसून ऑस्ट्रेलियन रेड वाइनची बाटली उघडली, की कुणीतरी हमखास म्हणतं, "बाटलीवर थंड हवेतली वाइन असं लिहिलंय. मग इथं कमी थंडी आहे का? लावा की द्राक्षं!"

अडचण आधी पावसाची. गगनबावड्यात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. एवढ्या ओलीत द्राक्षावर केवडा पडणार, घड कुजणार. म्हणून तर द्राक्षबागा तासगाव-मिरजेकडे, पर्जन्यछायेत. इथं भात, नाचणी आणि ऊस.

पण पाऊस बाजूला ठेवला तरी दोन्हीकडची थंडी वेगळी. आपल्याकडे वेल कधी पुरता झोपत नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी करून त्याला हिशेबात आणावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात किंवा व्हिक्टोरियातल्या यारा व्हॅलीत हिवाळ्यात पानं झडतात आणि वेल निजतो. सप्टेंबरच्या आसपास तो फुटतो आणि द्राक्षं पिकतात ती उन्हाळा उतरताना, रात्री गार व्हायला लागल्यावर. साखर सावकाश चढते, आंबटपणा टिकून राहतो. उष्ण भागात साखर भराभर चढते आणि आंबटपणा पळतो. बाटलीवरच्या 'थंड हवे'चा संबंध या सावकाश पिकण्याशी आहे. वाइन बर्फात घालून प्यायची, असा त्याचा अर्थ नाही.

रंगावरून तर सर्रास फसगत होते. ऑस्ट्रेलियन रेड म्हणजे बरोसा भागातली काळीभोर, जड शिराज, असं डोक्यात बसलेलं असतं. समोर पिनो न्वार आली आणि ग्लासातून पलीकडची बोटं दिसली, की 'पाणी घातलंय' अशी शंका. या द्राक्षाची सालच पातळ आणि रंगाला कमी असते. टास्मानियात सर्वांत जास्त लागवड याच जातीची आहे.

मिऱ्याची गोष्ट मला सगळ्यात आवडते. व्हिक्टोरियातल्या ग्रॅम्पियन्स भागातली शिराज हुंगली, की ताज्या कुटलेल्या काळ्या मिऱ्याचा वास येतो. लोकांना वाटतं, वरून काहीतरी मिसळलंय. काही मिसळलेलं नसतं. 2008 साली ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी या वासाचं मूळ जाहीर केलं. रोटंडोन नावाचं द्रव्य द्राक्षाच्या सालीत तयार होतं, आणि करूळ घाट उतरून कोकणात गेल्यावर पोफळीवर चढलेल्या मिरवेलीच्या दाण्यातही तेच असतं. गार भागात, सावलीतल्या घडांत ते जास्त सापडतं. त्यांच्या चाचणीत पाचातल्या साधारण एकाला मात्र हा वास अजिबात आला नाही. तेव्हा टेबलावर एकजण 'मिरे, मिरे' म्हणत असेल आणि दुसऱ्याला काहीच लागत नसेल, तर दोघंही खरं बोलत असू शकतात.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा नियम युरोपातल्या गार घरांचा. एप्रिलमध्ये कोल्हापुरातल्या खोलीत ठेवलेल्या बाटलीतून आधी अल्कोहोलच नाकात जातं. पिनो न्वार 13 ते 15 अंशांना बरी लागते, म्हणजे आधी फ्रीज. डिसेंबरातल्या गगनबावड्यात रात्री तेवढंही लागत नाही.

फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हेही खोटं. 2000 साली ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीतल्या रिझलिंगवाल्यांनी मिळून हे झाकण स्वीकारलं, कारण खराब बुचामुळे वाइनला पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटासारखा कुबट वास येतो. आज तिथल्या महागड्या बाटल्यांनाही हेच झाकण असतं.

मटण आहे म्हणून जड रेड घ्यायची, हे तांबड्या रश्श्यापुढे टिकत नाही. तुरट आणि जास्त अल्कोहोलची वाइन तिखटाची आग वाढवते. थोडी गार केलेली, कमी तुरट पिनो तांबड्याशी जमवून घेते. पांढऱ्या रश्श्याशी तर छानच, कारण त्यात मिरे आणि नारळाचं दूध असतं, लाल तिखट नसतं.

'रेड वाइन हृदयाला चांगली' हे वाक्यही प्रत्येक बैठकीत येतं. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं. चाखणारे जाणकार घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात, त्याला कुणी उद्धटपणा समजत नाही. भुईबावडा किंवा करूळ घाटानं गाडी खाली न्यायची असेल, तर गाडी चालवणाऱ्याच्या हातात ग्लास देऊच नये.