नाणेसंग्राहकाचा जागतिक मार्गदर्शक
नाणेसंग्राहकांसाठी जगातील स्थळांचा मार्गदर्शक करावयाचा, तर नुसती गावांची जंत्री पुरत नाही. नाणी पाडली कोठे, सापडली कोठे आणि आज आहेत कोठे, या तिन्ही गोष्टी हव्यात. पहिल्या वर्गात आजच्या तुर्कस्तानातील सार्डिस, लिडियाची राजधानी. जगातील अगदी आरंभीची नाणी लिडियातलीच. दुसऱ्यात नाशिकजवळचे जोगळटेंभी. तेथे १९०६ साली नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी निघाली. बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. तिसऱ्यात लंडनचे ब्रिटिश म्युझियम. प्रवेश विनाशुल्क, परंतु मांडणीबाहेरची नाणी पाहण्यास आधी वेळ ठरवावी लागते. रजा काढून जाणाऱ्या कामगारास हेच आधी कळले पाहिजे. म्हणून प्रत्येक स्थळापुढे वार, वेळ व शुल्क लिहावेच. नाहीतर तो ग्रंथ सवड असणाऱ्यांचाच राहील.