दुकान लुटले गेले, नोकरी का गेली?





या कार्यासाठी आपण देणगी देता, प्रार्थना करता, तेव्हा बहुधा आपल्या डोळ्यांसमोर वसतिगृह, शाळा, पाड्यावरचा दवाखाना उभा राहतो. पण वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेली मुले पुढे जातात कोठे? विक्रमगड, जव्हार, डहाणू, तलासरीकडची बरीच तरुण मंडळी पालघर-बोईसरला येतात. काही जण तारापूर औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे लागतात. काही जण बाजारातल्या दुकानांत लागतात. कापडाच्या, मोबाइलच्या, दागिन्यांच्या, किराण्याच्या. दिवाळीनंतर सहकुटुंब वीटभट्टीवर जाणाऱ्या घरातल्या मुलीला बारा महिने पगार मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यावर धाकट्या भावाची फी, आईचे औषध आणि पावसाळ्यातला किराणा चालतो.

अशा नोकरीवर येणारे एक संकट या लेखात समजून घेऊ. दुकान लुटले जाते आणि थोड्याच दिवसांत काउंटरवर उभ्या असलेल्या कामगाराची नोकरी जाते. चोरी त्याने केलेली नसते, तरीही जाते.

समजा, रात्रीचे साडेआठ वाजले आहेत. शटर अर्धे खाली आले आहे. एक वारली मुलगी गल्ला मोजते आहे. तिघे आत शिरतात, कोयता दाखवतात, रोकड आणि मोबाइल घेऊन मोटरसायकलवरून पसार होतात. सगळा प्रकार तीन-चार मिनिटांचा. मग पोलीस येतात, पंचनामा होतो, कॅमेऱ्याचे चित्रण नेले जाते. तेच तेच प्रश्न तिला पाच जण विचारतात. दुसऱ्या दिवशी शेठ सांगतात, “चार दिवस घरी राहा, मग बोलावतो.” ते बोलावणे येत नाही. महिन्याचा पगारही येत नाही. पाड्यावर मात्र बातमी पोहोचते की दुकानात चोरी झाली म्हणून हिला काढले.

या सगळ्यात तिच्या हाती एकही कागद आलेला नाही. सगळे तोंडी झाले आहे. आमच्या मते खरी अडचण येथेच आहे. तोंडी गेलेली नोकरी परत मागता येत नाही, कारण ती का गेली हेच कोठे लिहिलेले नसते.

नोकरी तीन वाटांनी जाते

पहिली वाट संशयाची. “आतल्याच माणसाने टीप दिली असेल,” असे कोणीतरी म्हणते आणि बोट गरिबाकडे वळते. दुसरी वाट नुकसानीची. माल गेला, दुकान काही दिवस बंद राहिले, दोन माणसांचा पगार परवडत नाही, म्हणून एकाला कमी केले जाते. तिसरी वाट भीतीची. कामगाराचीच त्या दारातून पुन्हा आत जाण्याची हिंमत होत नाही. तो न कळवता घरी राहतो आणि पुढे “त्याने स्वतःहून काम सोडले” असे लिहिले जाते.

बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात, पण कायद्यात त्या वेगळ्या आहेत.

संशयावरून काढायचे असेल तर आरोप काय आहे ते लेखी सांगावे लागते, उत्तर द्यायला संधी द्यावी लागते, चौकशी करावी लागते. “विश्वास उडाला” एवढे म्हणणे पुरेसे नाही. त्यामागे दाखवता येईल असे काही कारण असावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली जॉन्स्टन पंप्स कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. आपल्याला हे नवीन नाही. उत्पत्तीच्या ३९व्या अध्यायात योसेफाचे वस्त्र पुरावा म्हणून दाखवले गेले आणि पोटीफराने त्याला बंदिशाळेत टाकले. योसेफाचे म्हणणे कोणी ऐकून घेतल्याचा उल्लेख त्या अध्यायात नाही.

माणसे कमी करायची असतील तर तो वेगळा व्यवहार झाला, त्याला कपात म्हणतात. ज्याने वर्षभरात किमान २४० दिवस काम केले आहे, त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. हा नियम १९४७च्या औद्योगिक विवाद अधिनियमात होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो आहे.

भीतीमुळे जाता येत नसेल तर तसे कळवणे हाच उपाय. “घटनेमुळे प्रकृती बरी नाही, अमुक दिवस रजा हवी, मी काम सोडलेले नाही,” एवढा निरोप शेठच्या मोबाइलवर पाठवला तरी तो पुढे उपयोगी पडतो. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली तर अधिक बरे.

गेलेल्या रकमेची भरपाई पगारातून?

“गल्ला तुझ्या ताब्यात होता, आता तूच भर,” असे सांगितले जाते आणि घाबरलेली मुले कबूलही करतात. कायदा असे म्हणत नाही. वेतन संहितेनुसार कामगाराच्या ताब्यात दिलेला माल किंवा रक्कम गेली, तर नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे किंवा चुकीमुळे झाले असेल तेव्हाच पगारातून कापता येते. त्याआधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. सर्व कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. कोयत्याच्या धाकाने नेलेली रोकड ही कामगाराची हयगय ठरत नाही.

कामावरून काढले, कमी केले किंवा कामगाराने राजीनामा दिला, तरी राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत मिळाला पाहिजे. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर ती रक्कम कामगाराचीच आहे; दुकानाच्या नुकसानीपोटी ती कोणी अडवू शकत नाही.

पोलिसांकडचा कागद वेगळा, दुकानातला वेगळा

बोलताना आपण सगळ्यालाच दरोडा म्हणतो. कायद्याच्या भाषेत नकळत नेले ती चोरी, धाक किंवा मारहाण करून नेले ती जबरी चोरी आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली तर तो दरोडा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हा भेद आहे. कामगाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे हे की पोलीस त्याच्याकडे कोण म्हणून पाहत आहेत: फिर्यादी, साक्षीदार की संशयित?

फिर्याद देणाऱ्याला प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. फिर्यादीवर फिर्यादीची सही असते. साक्षीदाराने तपासात दिलेल्या जबाबावर मात्र पोलिसांनी सही घ्यायची नसते. स्त्री साक्षीदाराला जबाबासाठी पोलीस ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. ती राहते तेथे येऊन पोलिसांनी जबाब घ्यायचा असतो. अटक झालीच तर २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही.

दुकानात पुढे केलेल्या कागदाची गोष्ट निराळी. त्यावर केलेली सही नंतर दाखवली जाते. कोरा कागद, आधीच लिहून ठेवलेला राजीनामा, “माझ्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले” अशी कबुली, यांपैकी कशावरही लगेच सही करू नये. “घरी विचारून उद्या सांगते,” असे म्हणण्यात काही गैर नाही. दडपणाखाली सही झालीच असेल, तर दुसऱ्याच दिवशी तसे लेखी कळवावे.

साक्षीदार म्हणून जबाब दिला म्हणजे आपल्या नावावर गुन्हा नोंदला गेला असेही नव्हे. पुढच्या नोकरीत कोणी विचारले, तर हे निःसंकोच सांगावे.

आठवण का बदलते?

एक गोष्ट शेठ, पोलीस आणि घरच्यांनीही लक्षात घ्यायला हवी. शस्त्र समोर असते तेव्हा माणसाची नजर त्या शस्त्रावर खिळते. चेहरा, शर्टाचा रंग, गाडीचा क्रमांक नीट आठवत नाही. काही गोष्टी दोन दिवसांनी आठवतात. मग आजचा जबाब कालच्यापेक्षा वेगळा होतो आणि लोक म्हणतात, “ही खोटे बोलते.” घरात वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या मुलीला प्रमाण मराठीत किंवा हिंदीत भराभर विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यायची असतील, तर घोटाळा आणखी वाढतो. म्हणून जबाब वाचून दाखवायला सांगावा आणि जे आठवत नाही ते आठवत नाही असेच सांगावे.

झोप न लागणे, मोटरसायकलचा आवाज आला की दचकणे, रडू येणे, हे दुबळेपण नाही. ते काही आठवड्यांनंतरही टिकले तर सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

दाद कोठे मागायची?

वकिलाचा खर्च कोठून आणायचा, या विचाराने बहुतेक कुटुंबे गप्प बसतात. पण १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, तसेच प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असले तरी विनामूल्य वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. नोकरीबाबतची तक्रार कामगार खात्याच्या कार्यालयात करता येते. तेथे आधी समेटाचा प्रयत्न होतो. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत गेले पाहिजे, आणि शक्य तितके लवकर गेलेले चांगले. आदिवासी व्यक्तीबद्दल पोलिसांना जाणूनबुजून खोटी माहिती देऊन तिला त्रास होईल असे करणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मात्र प्रामाणिक संशय आणि खोटी माहिती यांत फरक आहे. राग आला म्हणून या कायद्याचा धाक घालू नये.

यासाठी घरात एक पिशवी असावी. तिच्यात नियुक्तीपत्र किंवा ओळखपत्र, पगार जमा झाल्याचे बँकेचे पासबुक, राज्य विमा कार्ड, जातीच्या दाखल्याची प्रत आणि शेठशी झालेल्या निरोपांचे छापील कागद ठेवावेत. नियुक्तीपत्र दिलेले नसेल तर पासबुकातल्या नोंदी आणि हजेरीचे निरोप हाच पुरावा.

आपण काय करू शकतो?

शेठलाही आपण शत्रू मानू नये. त्याचेही नुकसान झालेले असते, कर्जाचे हप्ते थांबलेले नसतात. कित्येकदा गावातली एक मोठी व्यक्ती शांतपणे सोबत येऊन बसली, की मिटणारे मिटते. राहिलेला पगार मिळतो, “कामात तक्रार नव्हती” असे पत्र मिळते, कधी कामही परत मिळते. पाळक, वसतिगृहाच्या बाई, मंडळीतले निवृत्त शिक्षक किंवा पोलीस पाटील यांच्यापैकी कोणीही हे काम करू शकतो. त्यासाठी वकील असण्याची गरज नाही. एक दिवसाची रजा आणि बोईसरचे तिकीट पुरते.

आपल्यापैकी काहींची स्वतःची दुकाने आहेत. त्यांना विनंती अशी की कामगाराला नियुक्तीपत्र द्या आणि पगार बँकेत जमा करा. रात्री गल्ला मोजायला एकट्या मुलीला ठेवू नका. चोर आले तर पैसे देऊन टाक, जीव सांभाळ, हे तिला आधीच सांगून ठेवा. दुर्दैवाने तशी वेळ आली, तर दुसऱ्या दिवशी पहिला फोन तिची विचारपूस करण्यासाठी करा.

आपली देणगी येथेही उपयोगी पडते. नोकरी गेल्यानंतरचे पहिले दोन महिने सर्वांत कठीण असतात. त्या काळात किराणा, भावाची फी आणि तालुक्याला जाण्या-येण्याचे भाडे एवढे भागले, तर मुलगी घाईने वीटभट्टीची उचल घेत नाही. एकदा उचल घेतली की पुढचे वर्ष त्या फेडीत जाते.

यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटल्या गेलेल्या माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. शोमरोन्याने त्याच्या जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले आणि दुसऱ्या दिवशी निघताना पुढच्या खर्चाचीही जबाबदारी घेतली. लुटारू कोण होते, ते सापडले का, हे त्या गोष्टीत येत नाही. लुटल्या गेलेल्या माणसाचे पुढे काय, एवढीच काळजी तेथे घेतली आहे.

आपल्या मंडळीतल्या किंवा ओळखीच्या एखाद्या घरावर अशी वेळ आली असेल, तर आम्हाला जरूर कळवा. आणि दुकानांत, गोदामांत, पेट्रोल पंपांवर रात्री उशिरापर्यंत उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलामुलींची आठवण प्रार्थनेत ठेवा.