अभिजात गिटार : घडण व नाद

अभिजात गिटार : बोटांनी छेडून वाजवावयाचे सहा तारांचे पाश्चात्त्य तंतुवाद्य. मध्यभागी आवळलेली लाकडी ध्वनिपेटी, तिच्या दर्शनी फळीतील वर्तुळाकार नादरंध्र, सपाट पाठ आणि १९ पडद्यांची रुंद दांडी ही तिची बाह्य लक्षणे होत. आटी व घोडी यांमधील तारेची लांबी सामान्यतः ६५ सेंमी. असते. वरच्या तीन तारा नायलॉनच्या आणि खर्जाच्या तीन तारा नायलॉनच्या बारीक धाग्यांवर धातूची तार गुंडाळून केलेल्या असतात. पोलादी तारांची गिटार, विद्युत् गिटार आणि हिंदी चित्रपटसंगीतामुळे आपल्याकडे परिचित झालेली, तारांवरून पोलादी कांडी सरकवून वाजविली जाणारी हवाईयन गिटार यांहून हे वाद्य घडणीने व नादाने वेगळे आहे.

ताणलेली तार स्वतः फारच थोडी हवा हलविते; म्हणून तिचा स्वतंत्र आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. तिचे कंपन घोडीवरील हाडाच्या पट्टीतून दर्शनी फळीकडे म्हणजे तबलीकडे जाते आणि तबलीच्या विस्तृत पृष्ठामुळे ते हवेत पसरते. सतारीतही हेच घडते. मात्र सतारीची रुंद घोडी तारेला चाटून जाते व त्यातून जवारी निर्माण होते. गिटारच्या घोडीवर तार एका अरुंद कडेपाशी संपते. साहजिकच नादाच्या रंगाचा भार तबलीवर व वादकाच्या बोटांवर पडतो. व्हायोलिनमध्ये गज तारेला सतत ऊर्जा पुरवितो, तर गिटारमध्ये बोटाने एकदा दिलेली ऊर्जा तेवढीच असते आणि ती कशी खर्च करावयाची, हे कारागिराने आधीच ठरविलेले असते. तबली पातळ व हलकी ठेवली, तर आवाज मोठा व तत्काळ उमटतो, पण लवकर विरतो. ती जाड ठेवली, तर स्वर रेंगाळतो, पण क्षीण होतो. शिवाय सहा तारांचा मिळून सुमारे ४० किग्रॅ.चा ताण तिला वर्षानुवर्षे सोसावा लागतो. हस्तनिर्मित गिटारचे सारे कौशल्य हा तोल साधण्यात आहे.

पेटीतील हवेचेही स्वतःचे कंपन असते. नादरंध्रातून आतबाहेर होणाऱ्या हवेची नैसर्गिक कंप्रता साधारणपणे १०० हर्ट्‌झच्या आसपास, तर तबलीच्या मुख्य अनुस्पंदनाची कंप्रता २०० हर्ट्‌झच्या आसपास असते. खर्जाच्या मोकळ्या तारेची कंप्रता सुमारे ८२ हर्ट्‌झ असल्याने खालच्या स्वरांना या हवेचा मोठाच आधार मिळतो. परंतु यांपैकी एखादे अनुस्पंदन नेमके एखाद्या स्वरावरच आले, तर तो स्वर एकदम घुमतो व लगेच मरतो. म्हणून कुशल कारागीर ते दोन स्वरांच्या मध्ये पाडण्याचा प्रयत्न करतो.

वाद्याचे आजचे रूप मुख्यत्वे स्पेनमधील आल्मेरिया येथील आंतोन्यो दे तोर्रेस हुरादो (१८१७–९२) या कारागिराने सिद्ध केले. त्याने पेटी मोठी केली आणि तबलीच्या आतील बाजूस, नादरंध्राखाली, पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरणाऱ्या बारीक पट्ट्यांची रचना परिपूर्णतेस नेली. अशा पट्ट्या त्याच्या आधीच्या स्पॅनिश वाद्यांतही आढळतात. पातळ तबली, मोठी पेटी व सात पट्ट्यांचा पंखा यांचा मेळ मात्र त्याचा. आपल्या मताच्या सिद्धतेसाठी १८६२ साली त्याने केलेला प्रयोग वाद्यनिर्मितीच्या इतिहासात अपूर्व म्हणावा लागेल. त्याने तबली उत्तम लाकडाची ठेवून पाठ व कडा चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. हे वाद्य बार्सेलोना येथील संगीत संग्रहालयात जतन केलेले आहे. गिटारचा आवाज तबलीत असतो, हे तोर्रेसला त्यातून दाखवावयाचे होते.

फ्रांथिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) या वादकाकडे तोर्रेसने १८६४ मध्ये घडविलेली गिटार होती. पुढे म्यूनिकच्या हर्मान हाउझर (१८८२–१९५२) याने स्पॅनिश पद्धती आत्मसात केली. त्याने १९३७ मध्ये घडविलेली गिटार आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) याने सुमारे पाव शतक मैफलींत वाजविली; ती आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तोवर तारा आतड्याच्या म्हणजे तातीच्या असत. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्क येथे अल्बर्ट ऑगस्टीन याने सेगोव्हियाच्या सहकार्याने नायलॉनच्या तारा प्रचारात आणल्या.

तबलीसाठी स्प्रूस हे सूचिपर्णी वृक्षाचे लाकूड परंपरेने वापरतात. ते हलके असूनही रेषांच्या दिशेने अत्यंत ताठ असते. आडव्या दिशेचा ताठपणा त्याच्या कित्येक पटींनी कमी असतो. ओंडका केंद्रापासून परिघाकडे चिरून अनेक वर्षे वाळवितात. लगतच्या दोन फळ्या पुस्तकाच्या पानांप्रमाणे उघडून मध्यभागी सरसाने जोडतात व रंध्याने तासत जाडी २ ते २·५ मिमी.पर्यंत आणतात. सर्वच झाडांचे लाकूड सारखे नसल्याने ही जाडी मापावरून ठरविता येत नाही. कारागीर फळी दोन बोटांत धरून टकटक करतो, हातांनी वाकवून पाहतो आणि कुठे थांबावयाचे ते कानाने व हाताने ठरवितो. यंत्राने कापलेल्या फळ्या एकाच जाडीच्या निघतात, पण एकाच ताठपणाच्या निघत नाहीत. हस्तनिर्मित वाद्याचे खरे श्रेष्ठत्व येथे आहे, नादरंध्राभोवतीच्या रंगीत काष्ठजडावात नव्हे. स्पॅनिश पद्धतीत तबली पालथी ठेवून तिच्यावरच वाद्य उभारतात. कडांच्या पट्ट्या उष्णतेने वाकवून दांडीच्या बुडातील खाचांत बसवितात आणि लाकडाच्या लहानलहान ठोकळ्यांनी तबलीस चिकटवितात. शेवटी चपडा लाखेच्या द्रावणाचे अतिशय पातळ थर कापडाच्या बोळ्याने चढवितात. जाड लेप तबलीचे वजन वाढवून आवाज दाबतो. ही लाख मोठ्या प्रमाणावर भारतातून जाते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

पाठ व कडा यांसाठी ब्राझीलमधील शिसवाची (डाल्बर्जिया नायग्रा) फार ख्याती होती. बेसुमार तोडीमुळे हा वृक्ष दुर्मिळ झाला आणि १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली. त्याची जागा मुख्यतः सह्याद्रीत व दक्षिण भारतात वाढणाऱ्या आपल्या शिसवाने (डाल्बर्जिया लॅटिफोलिया) घेतली. २०१७ मध्ये सर्वच डाल्बर्जिया जाती नियंत्रणाखाली आल्या. ब्राझीलचा शिसव वगळता इतर जातींपासून बनविलेल्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत मिळाली. या लाकडांची किंमत त्यांच्या नादामुळे की रूपामुळे, हा प्रश्न म्हणूनच केवळ शास्त्रीय राहिलेला नाही. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फक्त पाठ व कडा यांच्या लाकडात भेद असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांकडून, लाकूड ओळखता येणार नाही अशा रीतीने, वाजवून घेतल्या. त्यांना आवाजाच्या प्रतीत फारसा फरक जाणवला नाही. ही वाद्ये पोलादी तारांची होती, हे ध्यानात घेऊनही हा निष्कर्ष तोर्रेसच्या पुठ्ठ्याच्या गिटारला अनुकूल आहे. ग्राहक मात्र अजूनही शिसवच मागतात.

तबलीच्या बाबतीत प्रयोग अधिक धीटपणे झाले. माद्रिदच्या होसे रामिरेस (तिसरा) याने १९६० नंतरच्या दशकात स्प्रूसऐवजी तांबड्या सीडरचा वापर रूढ केला. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग स्मॉलमन याने पंख्याऐवजी बाल्सा लाकूड व कार्बन तंतू यांची जाळी वापरून तबली अतिशय पातळ केली. जॉन विल्यम्सने ही वाद्ये स्वीकारल्याने त्यांचा बोलबाला झाला. त्यांचा आवाज मोठ्या सभागृहातही पोचतो; तथापि जुन्या वाद्यांतील स्वरछटांचे वैविध्य त्यांत उणावते, असे अनेक जाणकारांचे मत आहे.

इतकी पातळ तबली आर्द्रतेस फार संवेदनशील असते. ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता तिला मानवते. कोकणातील पावसाळ्यात ती फुगून तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात व सरसाचे सांधे ढिले होण्याचा संभव असतो. कोरड्या हवेत ती आकसून रेषांच्या दिशेने चिरते. अशी चीर आतून लाकडाच्या लहान चकत्या चिकटवून सांधता येते आणि सांधा चांगला साधल्यास आवाजात सहसा उणेपणा येत नाही.