नवा पहारेकरी, जुने घर

भंडारा जिल्ह्यातल्या अनेक घरांना सिकलसेल म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मूल हाडे दुखतात म्हणून रात्रभर रडते, डोळे पिवळे दिसतात, रक्त चढवावे लागते. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या या दोषाची नोंद १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. हायड्रॉक्सियुरियाने पुष्कळांचा त्रास आटोक्यात राहतो. काही मुलांसाठी मात्र डॉक्टर बोन मॅरो, म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विषय काढतात. मग पहिला प्रश्न येतो : सख्खी भावंडे किती?

आपल्या पेशींवर ‘एचएलए’ नावाच्या ओळखखुणा असतात. त्यांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. त्यामुळे दोन सख्ख्या भावंडांच्या खुणा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आईवडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यताही चारात एकच. दोन्ही गणिते एकत्र मांडली, की एखादे भावंड दाता ठरण्याची शक्यता सोळात तीन उरते. भावंड नुसते वाहक असले तरी चालते, एवढा दिलासा.

किडनी बदलली की रुग्णाची प्रतिकारशक्ती तिला परकी समजून तिच्यावर तुटून पडते. म्हणून ती शक्ती दाबणाऱ्या गोळ्या, किडनी चालते तोवर, रोज घ्याव्या लागतात. मज्जेच्या बाबतीत गोष्ट उलटी होते, कारण प्रतिकारशक्तीच्या पेशी मज्जेतच जन्मतात. रुग्णाची जुनी मज्जा आधी औषधांनी हटवतात. मग दात्याच्या मज्जापेशी रक्तासारख्याच शिरेतून सोडतात. घर जुने, पहारेकरी नवा. त्याला अख्खे घरच परके वाटले तर? अंगावर चट्टे उठतात, जुलाब लागतात, कावीळ होते. एचएलए जुळले तरी हा धोका उरतोच, कारण जुळे एकरूप नसतील तर पेशींवरच्या बारीकसारीक खुणा वेगळ्या असतात. म्हणून सुरुवातीचे महिने सायक्लोस्पोरिनसारखी औषधे देऊन नव्या पेशींना आवरावे लागते.

सगळे सुरळीत झाले तर पहारेकरी घराला सरावतो आणि या गोळ्या हळूहळू बंद करता येतात. किडनीच्या रुग्णाला सहसा ही सुटका नसते. रक्तगटसुद्धा दात्याचा होतो. ‘बी’ गटाची बहीण ‘ओ’ गटाच्या भावामुळे ‘ओ’ होते! मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले, ते रक्ताच्या कर्करोगासाठी. आज सिकलसेलसाठीही हा मार्ग खुला आहे, आणि जुळणारे भावंड असलेल्या लहान मुलांत त्याला यशही चांगले येते.

एक गोष्ट मात्र प्रत्यारोपण ठरण्याच्या कितीतरी आधीच जपावी लागते. वारंवार रक्त चढवलेल्या शरीराची परक्या खुणांशी आधीच गाठ पडलेली असते, त्यामुळे ते नवी मज्जा झिडकारण्याचा धोका वाढतो. म्हणून अशा मुलांसाठी पांढऱ्या पेशी गाळलेले रक्त मिळेल का, हे डॉक्टरांना विचारावे. शिवाय उद्या जो दाता होऊ शकतो, त्या रक्ताच्या नातेवाइकाचे रक्त मुलाला देणे टाळतात. आपल्याकडे लेकराला रक्त लागले की बाप आणि काका आधी बाही वर करतात. त्यांनी रक्तपेढीत रक्त जरूर द्यावे. फक्त ती पिशवी दुसऱ्या कुणाच्या लेकराला लागू द्यावी.