टिग वेल्डिंगचे यंत्र आणि जोडाची मागची बाजू

बार्शीच्या बाजारात आर्गन वेल्डिंग या नावाने ओळखले जाणारे काम म्हणजेच तंत्रशास्त्रातील टिग, अर्थात टंगस्टन इनर्ट गॅस वेल्डिंग होय. दुधाच्या टाक्या, खानावळींची मेजे, मंदिरांचे व जिन्यांचे कठडे, इस्पितळांतील ट्रॉल्या आणि सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या नळ्या या सर्वांत स्टेनलेस स्टील वापरले जात असल्यामुळे या कामाशी कारागिराइतकाच गिऱ्हाइकाचाही संबंध येतो. तरीही यंत्राच्या दर्शनी भागावरील आठ-दहा बटणांपैकी अँपिअरचे एक बटण वगळता बाकीच्यांचे प्रयोजन फार थोड्यांना ठाऊक असते. वास्तविक या दुर्लक्षित बटणांपैकी बरीचशी आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, पेटण्यापूर्वीच्या आणि विझल्यानंतरच्या काही सेकंदांशी निगडित आहेत, आणि जोड किती वर्षे टिकेल हे बऱ्याच अंशी त्याच सेकंदांत ठरते.

नेहमीच्या वेल्डिंगमध्ये कांडी स्वतःच वितळते, स्वतःच भर घालते आणि तिच्यावरील लेपातून निघणारा वायू व मळी यांनी जोड झाकते. त्यामुळे उष्णता, भर आणि संरक्षण या तिन्ही गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या राहतात. टिगमध्ये त्या सुट्या होतात. टॉर्चमधील टंगस्टनची अणकुचीदार सळई केवळ आर्क धरून ठेवते आणि तिचा वितळणबिंदू ३,४२२ अंश सेल्सिअस इतका उच्च असल्याने ती स्वतः वितळत नाही. तिच्याभोवतीच्या सिरॅमिक कपातून आर्गन वायू बाहेर पडून तापलेल्या धातूपासून हवेला दूर ठेवतो. आणि भर घालायची असेल तर ती दुसऱ्या हातातील फिलरच्या तारेने, हवी तेवढी आणि हवी तेव्हा घालता येते. या सुटेपणामुळेच कारागिराच्या हाती विलक्षण नियंत्रण येते, आणि त्यामुळेच यंत्रावर इतकी बटणे लागतात.

या तंत्राचा इतिहास फार जुना नाही. रॅले आणि रॅम्से या शास्त्रज्ञांनी आर्गनचा शोध लावला तो १८९४ साली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९७ मध्ये, एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची ७६२ मिलिमीटर रुंदीची बार्शी लाइट रेल्वे धावू लागली, तेव्हा पोलाद जोडण्याची प्रमुख रीत रिव्हेट ठोकण्याची होती आणि हवेत जेमतेम ०.९३ टक्के असलेला हा निष्क्रिय वायू प्रयोगशाळेबाहेर कोणाच्या उपयोगाचा नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम हा हवेत पेट घेणारा धातू जोडण्यासाठी टंगस्टन आणि हेलियम यांचा मेळ घातला व १९४२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. हवेतून आर्गन वेगळा काढणे पुढे स्वस्त झाले, तेव्हा हेलियमची जागा त्याने घेतली.

यंत्रावरील पहिला निर्णय प्रवाहाच्या प्रकाराचा असतो. स्टेनलेस स्टील, साधे लोखंड आणि तांबे यांसाठी डीसी, म्हणजे एकदिश प्रवाह, वापरतात आणि टॉर्च ऋण टोकाला जोडतात. या मांडणीत आर्कची सुमारे दोन-तृतीयांश उष्णता पत्र्यात उतरते आणि टंगस्टन तुलनेने थंड राहते. जोडणी चुकून उलटी झाली तर तीच उष्णता टंगस्टनच्या टोकावर येते आणि टोकाचा गोळा होऊन तो जोडात गळतो. ॲल्युमिनियमची गोष्ट निराळी आहे. हा धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्या पुढे जाईपर्यंत वितळत नाही, म्हणून तेथे एसी, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह, लागतो, ज्याच्या एका अर्ध्या फेरीत ऑक्साइड फुटतो आणि दुसऱ्या अर्ध्या फेरीत धातू वितळतो. या दोहोंचे प्रमाण ठरवणाऱ्या बटणाला बॅलन्स म्हणतात, आणि वितळवणाऱ्या फेरीला साधारण ६५ ते ७५ टक्के वाटा देणे हा रूढ प्रघात आहे. बाजारातील स्वस्त यंत्रे बहुधा केवळ डीसीची असतात, हे ॲल्युमिनियमचे काम घेऊ पाहणाऱ्याने खरेदीपूर्वीच पाहिलेले बरे.

अँपिअर किती ठेवावेत याचा ढोबळ नियम असा की, तीन मिलिमीटरपर्यंतच्या साध्या लोखंडासाठी जाडीच्या दर मिलिमीटरला सुमारे ४० अँपिअर धरावेत आणि स्टेनलेस स्टीलसाठी त्यातून पाचवा-चौथा हिस्सा कमी करावा; म्हणजे टाकीच्या १६ गेजच्या, सुमारे १.६ मिलिमीटर जाड पत्र्याला ५० अँपिअरच्या आसपास पुरतात. ही कपात आवश्यक ठरण्याचे कारण धातूच्या स्वभावात आहे. स्टेनलेस स्टील साध्या लोखंडाच्या सुमारे एक-तृतीयांश वेगानेच उष्णता वाहून नेते आणि तापल्यावर जवळजवळ दीडपट प्रसरण पावते, त्यामुळे दिलेली उष्णता जोडाजवळच साचते, पत्रा ओढला जाऊन वाकतो आणि धातू गरजेपेक्षा अधिक काळ तापलेला राहतो. तो ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळला, तर त्यातील कार्बन क्रोमियमला धरून बसतो आणि ज्या क्रोमियममुळे हे पोलाद गंजत नाही तेच कणांच्या सीमेवर कमी पडते. म्हणूनच जेथे वेल्डिंग करायचे तेथे ०.०३ टक्क्यांहून कमी कार्बन असलेले ३०४ एल पोलाद आणि त्यासोबत ३०८ एल फिलर घेणे शहाणपणाचे असते.

पल्स हे बटण याच अडचणीवरचा उपाय आहे. त्यात प्रवाह सतत एकसारखा न राहता उंच आणि नीच अशा दोन पातळ्यांमध्ये ये-जा करतो. उंच पातळी ९० अँपिअर, नीच पातळी ३० अँपिअर आणि उंच पातळीचा वेळ ४० टक्के ठेवला, तर धातू वितळवण्यापुरता ९० अँपिअरचा जोर मिळूनही सरासरी केवळ ५४ अँपिअर पडते. पातळ पत्र्याच्या कामात एवढा फरक पत्रा सरळ राहण्यासाठी निर्णायक ठरतो.

आर्क विझवतानाचे बटण म्हणजे डाउनस्लोप. प्रवाह एकदम तोडला तर वितळलेले डबके मध्यभागी खचत गोठते आणि त्या खळग्यात बारीक तडा जातो. प्रवाह दोन-चार सेकंदांत उतरत नेला, तर डबके कडेकडून लहान होत शांतपणे भरून येते. कठड्यांचे आणि टाक्यांचे जोड बऱ्याचदा टोकाशीच उलतात, याचे एक कारण या बटणाकडे झालेले दुर्लक्ष हे असते.

आर्क विझल्यावरही काही सेकंद वायू सोडत राहणारे पोस्टफ्लोचे बटण मात्र सर्वाधिक अन्याय सोसते, कारण वाहणारा वायू म्हणजे वाहणारा पैसा असा समज पसरलेला आहे. तापलेले टंगस्टन आणि जोडाचे टोक हवेत उघडे पडले की दोन्ही काळवंडतात, म्हणून दर १० अँपिअरला सुमारे एक सेकंद असा पोस्टफ्लो ठेवण्याचा दंडक आहे. त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. भारतात आर्गनच्या निळ्या सिलिंडरमध्ये सामान्यतः सात घनमीटर, म्हणजे सात हजार लिटर वायू असतो आणि टॉर्चचा प्रवाह मिनिटाला आठ लिटर ठेवला तर तो साडेचौदा तास पुरतो. आठ सेकंदांच्या पोस्टफ्लोला त्यातला जेमतेम एक लिटर लागतो. सात हजारांतील एक लिटर वाचवण्यासाठी टंगस्टन पुन्हा घासायला लावणारी आणि जोडाचे टोक कच्चे ठेवणारी ही काटकसर कोणत्याही हिशेबात बसत नाही. उलट काही जण वायूचा प्रवाह पंधरा-वीस लिटरपर्यंत वाढवतात, तेही अपायकारकच असते, कारण लहान कपातून वेगाने सुटलेला वायू भोवरे निर्माण करून बाहेरची हवा आत ओढतो.

टंगस्टनच्या टोकाचा रंग त्यातील मिश्रण सांगतो. लाल टोकाच्या सळईत दोन टक्के थोरियम ऑक्साइड असते आणि ते किरणोत्सारी असल्याने घासताना उडणारी धूळ श्वासावाटे जाणे घातक ठरते. राखाडी टोकाची सेरियमयुक्त किंवा सोनेरी व निळ्या टोकांची लँथॅनमयुक्त सळई तेच काम निर्धोकपणे करत असताना केवळ सवयीपोटी लाल सळई घेत राहणे समर्थनीय नाही. सळई लांबीच्या दिशेने घासावी, कारण आडव्या चरांमुळे आर्क भरकटतो.

बार्शीच्या हवामानाशी थेट जोडलेली बाब म्हणजे ड्युटी सायकल. यंत्रावर २०० अँपिअर, ६० टक्के असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ दर दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे त्या प्रवाहावर काम करता येते आणि चार मिनिटे यंत्राला विसावा द्यावा लागतो. अखंड काम करायचे तर तेच यंत्र साधारण १५५ अँपिअरच पेलते. हा आकडा आंतरराष्ट्रीय मानकानुसार ४० अंश तापमान गृहीत धरून काढलेला असतो. बार्शीत एप्रिल-मे महिन्यांत पारा त्याच्या वर जातो, पत्र्याच्या छपराखाली तो आणखी चढतो, आणि साखर कारखान्यांच्या दुरुस्तीची कामे गळीत हंगाम संपल्यावर नेमकी याच दिवसांत निघतात. त्यामुळे गरजेपेक्षा थोडे मोठे यंत्र घेणे ही या भागात चैन ठरत नाही. लांब आणि बारीक वायरवरून वीज घेतल्यास व्होल्टेज पडते आणि इन्व्हर्टर यंत्र स्वतःच बंद होते, हेही ध्यानात ठेवावे लागते. उकाड्यामुळे लावलेला पंखा आणि उघड्यावरचा वारा तर आर्गनचे आवरणच उडवून लावतात, म्हणून पंख्याचा झोत कामापासून वळवणे आणि उघड्यावर आडोसा उभारणे यांची गणना यंत्राच्या सेटिंगमध्येच केली पाहिजे.

गिऱ्हाइकाला परीक्षा करायची असेल तर जोडाचा रंग पाहावा. पिवळसर, सोनेरी छटा चांगल्या संरक्षणाची खूण आहे, गडद निळा रंग अधिक उष्णता दाखवतो आणि राखाडी-काळा जोड हवेने बाधलेला असतो. मात्र पॉलिश केलेल्या जोडावर ही खूण उरत नाही, म्हणून शक्य तेथे मागची बाजू पाहावी. समोरून आर्गन दिला तरी मागच्या बाजूला हवाच असते, आणि पूर्ण वितळलेला जोड तेथे साखरेच्या खड्यांसारखा खरखरीत व काळा होतो. दुधाच्या टाकीत किंवा नळीत या खरखरीत फटींमध्ये दूध अडकते, जिवाणू वाढतात आणि धुण्याचे कोणतेही द्रावण तेथे नीट पोहोचत नाही. मागूनही आर्गन सोडणे, म्हणजे बॅक पर्जिंग करणे, हाच यावरचा खरा उपाय असून दुधाचे किंवा औषधाचे काम देताना ही अट आधीच लेखी घालावी व तिचा खर्चही मान्य करावा.

याच कामात जिवाचा धोकाही आहे. आर्गन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड, रंगहीन आणि गंधहीन असतो, त्यामुळे टाकीत तो तळाशी साचतो, प्राणवायूला बाहेर ढकलतो आणि आत उतरलेल्या माणसाला गुदमरण्याची सूचनाही न देता बेशुद्ध करतो. म्हणून पर्जिंग झालेल्या टाकीत उतरण्यापूर्वी ताजी हवा सोडून प्राणवायूचे प्रमाण मीटरने मोजावे, आत काम चालू असेपर्यंत तोंडाशी दुसरा माणूस उभा ठेवावा, आणि आतला माणूस कोसळल्यास त्या दुसऱ्याने त्याच्यामागे आत न उतरता आधीच बांधलेल्या दोरीने त्याला वर ओढावे.