दहावीचा दाखला आणि दुबईचे तिकीट



आंब्याची कलमे कशी राखावी, हे सांगण्यात माझी नोकरी गेली. आज मात्र थोडे वेगळे सांगायचे आहे. घरात शाळा सोडलेला मुलगा असेल आणि तो परदेशाच्या गोष्टी करीत असेल, तर हे वाचून त्यालाही वाचायला द्या.

काही वर्षांपूर्वी रत्नागिरीकडच्या एका गावी हापूसच्या बागेत गेलो होतो. चाळीस कलमे, ऐन भरातली. मालक म्हणाले, "साहेब, बाग पाच वर्षांच्या कराराने दिली. पोराला दुबईला धाडायचंय. एजंटाला दीड लाख द्यायचे आहेत."

मी एवढेच म्हणालो, "करारदार कल्टार जास्त घालणार नाही, हे कागदावर लिहून घ्या." मुलाविषयी काहीच विचारले नाही. ते माझ्या खात्याचे काम नव्हे, असे वाटले. मुलगा नववीतून शाळा सोडलेला होता. एजंटाने त्याला फिरायला जाण्याच्या व्हिसावर नेले. तिथे ना पक्के काम मिळाले, ना करारपत्र. चार महिन्यांत तो रिकाम्या हाताने परत आला. बाग मात्र पुढची साडेचार वर्षे परक्याच्याच ताब्यात राहिली. त्या घरी चहा घेताना आजही मला अवघडल्यासारखे होते.

पासपोर्टवरची तीन अक्षरे

शाळेचा आणि परदेशाचा संबंध काय, असे आपल्याला वाटते. संबंध आहे आणि तो सरळ पासपोर्टावर छापलेला असतो. दहावी पास नसलेल्या मुलाच्या पासपोर्टावर बहुधा 'ईसीआर' असा शेरा येतो. अशा माणसाला दुबई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया अशा ठरावीक 18 देशांत नोकरीसाठी जायचे तर आधी भारत सरकारची परवानगी काढावी लागते. ही पद्धत 1983 च्या कायद्याने बसवली. दहावी पास झालेल्याला ही परवानगी लागत नाही.

हा शेरा म्हणजे कमीपणा नव्हे. ती कुंपणाची काटेरी फांदी आहे. परवानगी देताना नोकरी कोणाकडे, पगार किती, करारपत्र आहे का, हे सरकार पाहते. कमी शिकलेला माणूस फसू नये म्हणून ही तपासणी आहे.

पण ही परवानगी नोकरीसाठी लागते, फिरायला जाण्यासाठी लागत नाही. लबाड एजंट नेमके याच फटीतून मुलांना बाहेर काढतो. "आधी फिरायच्या व्हिसावर जा, काम तिथे गेल्यावर लावतो," असे कोणी म्हणाले, की समजावे, कुंपण तोडून गुरे आत घालण्याचा हा बेत आहे. फिरायच्या व्हिसावर काम करणे हा तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. पगार बुडाला, तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

पैसे देण्यापूर्वी

चार गोष्टी गाठीला बांधा.

एक, एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, ते पाहा. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर असते. सेवा केंद्रात जाऊन ती पाहता येते.

दोन, एजंटाने घ्यायची फी जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा कर, एवढीच ठरलेली आहे. ती पावतीनेच द्यावी.

तीन, करारपत्र हाती आल्याशिवाय आणि कोणाकडून तरी नीट वाचून घेतल्याशिवाय बागेचा कागद करू नये.

चार, ईसीआर पासपोर्टावर नोकरीला जाणाऱ्याने प्रवासी भारतीय विमा काढायचाच असतो. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये व कर, एवढाच. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले, तर 10 लाखांचे संरक्षण मिळते.

दहावी पास मुलाला सरकारची ती तपासणी नसते. म्हणून त्याच्या घरच्यांनी या गोष्टी अधिकच डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात.

शाळा सुटली, वाट सुटली नाही

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका घरी हाच प्रसंग आला. मुलगा एकोणीस वर्षांचा, तोही नववीतून शाळा सोडलेला. या वेळी मी गप्प बसलो नाही. "बाळा, वर्षभर थांबशील का?" असे विचारले. तो रुसला. आई म्हणाली, "साहेब, सगळी पोरं चाललीत, हाच मागं राहील."

तरी वडिलांनी ऐकले. मुलाने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीची परीक्षा दिली. गणितात आपटला. जुलैच्या परीक्षेत सुटला. आता तो आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करतो आहे. दाखला मिळाल्यावर पासपोर्ट नव्याने काढून त्यावरचा शेरा काढून घ्यायचा, असे ठरले आहे. पुढे तो मस्कतला जाईल, की चिपळूणला दुकान टाकील, हे त्याचे तो ठरवील. बाग मात्र घरचीच आहे. यंदा पालवी चांगली आली आहे.

परदेशी जाऊ नका, असे माझे म्हणणे नाही. आखातातल्या पैशावर कोकणात कितीतरी घरांवर कौले चढली, बहिणींची लग्ने झाली. पण कलम फळाला यायला पाच-सहा वर्षे लागतात, ती आपण तक्रार न करता देतो. मग पोराला एक वर्ष द्यायला का कचरावे?

तुमच्या घरात दहावी राहिलेला मुलगा असेल, तर आज रात्री जेवताना त्याच्याशी बोला. एजंट येण्याच्या आधी बोला.